वाळवीने खाल्लेली पूर्व दिशा

बस अहमदपूरला थांबली तेव्हा मी मूळ कागदाची झेरॉक्स चौथ्यांदा उलगडली. भोक होतं तिथंच होतं. माझ्या भाषांतरात मात्र भोक नव्हतं. तिथं छापलं होतं, ‘पूर्वेस ओढा’. खाली ‘मुळाबरहुकूम’ आणि माझी सही. लातूरच्या कोर्टात सुनावणी आजच, अकरा वाजता.

नांदेडात मी एकटाच बसून निजामकाळातले जमिनीचे उर्दू कागद मराठीत करून देतो. ते शिकस्ता वळणात असतात, म्हणजे कारकुनाने हात न उचलता ओढलेलं घाईचं उर्दू. एका पानाला दोन दिवस जायचे. मग एका कार्यशाळेत, भर मे महिन्यात कोट घातलेल्या तज्ज्ञाने ‘एकटे राहून दहाजणांचं काम करा’ असं सांगितलं. मी मोबाईलवर एआय घेतलं. दिवसाला सहा पानं होऊ लागली. आधी प्रत्येक ओळ ताडून पाहायचो. महिन्याभरात नुसती सही करू लागलो.

आज सकाळी फाईल लावताना भोक दिसलं. चतुःसीमेतली, म्हणजे शेताच्या चार बाजूंना काय आहे त्यातली, पूर्व बाजू वाळवीने खाल्ली होती. एआयने ती मनानेच भरली. विरुद्ध पक्षाने मूळ कागद पाहिला, तर माझ्याकडून कागद करून घेणारा पक्षकार खोटा आणि मी आजवर सही केलेला प्रत्येक कागद संशयित.

कोर्टाच्या व्हरांड्यात ते पक्षकार, चाकूरचे बळीराम, खुशीत उभे होते.

“सर, मशीननं लई भारी काम केलं. भांडण त्या ओढ्यापर्यंतच्या पट्ट्याचंच तर हाय.”

“ओढा कागदात नाही, बळीराम.”

“रानात हाय ना? मशीनला कळलं, तुम्हालाच कळंना.”

त्यांच्या वकीलबाई आल्या. माझं भाषांतर लावलेली फाईल त्यांच्या हातातच होती, अजून दाखल व्हायची होती. मी सगळं सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “उलटतपासणीत विचारतील, भोकातलं कसं वाचलं? काय सांगणार, सर?”

बाकावर बसून मी नवी प्रत हाताने लिहिली. ‘पूर्वेस : कागद वाळवीने खाल्लेला, वाचता येत नाही.’

“माझी बाजू तुम्हीच खाल्ली,” बळीराम म्हणाले. भाषांतराला दिलेले उरलेले दोन कागद त्यांनी परत नेले.

एआय मी अजून वापरतो. पण आधी कागद खिडकीच्या उजेडात धरतो आणि भोकांभोवती लाल पेन्सिल फिरवतो. दिवसाला दोन पानं होतात. वाळवीचं एक बरं आहे. ती खाते, पण खाल्लेल्या जागी मनाने काही लिहून देत नाही.