सड्यावरचे एकच रोप

काशीदच्या वरचा जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे पठार, मी नोकरीत असताना मोजला होता. भूमापकाने हद्दीचा दगड रोवायचा, नकाशावर रेघ मारायची आणि खाली उतरायचे. पुढे त्या जमिनीचे काय होते, हे पाहणे त्याच्या कामात येत नाही. माझ्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिथे बंगल्यांसाठी सपाटीकरण सुरू झाले.

पत्नीचे माहेर त्या सड्याच्या पायथ्याशी. भाद्रपदात वरच्या पाणथळीत एक पांढरी आमरी, म्हणजे जमिनीत वाढणारे ऑर्किड, फुलत असे. गुरे राखणाऱ्या मुली तिला बगळी म्हणत. पत्नी त्यांच्यातलीच एक. गुडघे गेल्यापासून ती वर चढली नव्हती. सपाटीकरणाचे ऐकून ती एवढेच म्हणाली, "म्हंजे बगळी आता न्हायच दिसायची."

त्याच वर्षी मी आश्विनात वर गेलो, रखवालदाराला विचारले आणि पाने पिवळी पडलेले एक रोप ढेकळासकट काढून आणले. शोधूनही दुसरे सापडले नाही.

ही आमरी पाणथळीतली असली तरी तिला हलकी, कसहीन माती लागते. सड्यावरच्या मातीतली बुरशी तिच्या मुळांना पोसते, म्हणून मातीही तिथलीच आणली. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ. म्हणून आमरीसाठी पावसाचे पाणी पिंपात साठवले. पावसाळाभर माती चिंब हवी, पाने वाळली की पाण्याचा थेंबही नको. हे सारे मी वाचून, विचारून ठरवले. पत्नीला एकच वाक्य सांगितले : या कुंडीला हात लावायचा नाही.

पुढल्या भाद्रपदात दांडी आली. तिच्यावर नऊ कळ्या. पत्नी रोज मोजत असे, लांबून.

गौरी-गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी घरात मासळी आली. चौथ्या दिवशी पानांच्या कडा काळ्या पडल्या. मी माती हुंगली.

"काय घातलंस हिला?"

"पानी."

"कसलं पाणी?"

"बांगडं धुतल्याचं," ती म्हणाली. "दारातला कढीपत्ता बघा, त्याच पान्यावर माजलाय. ही आपली उपाशी दिसत व्हती. एवढ्या कळ्या धरल्यात, म्हटलं, बाळंतिणीला कुनी उपाशी ठेवतं का?"

"तिला उपाशीच ठेवायचं असतं!" माझा आवाज चढला.

"मंग तसं सांगायचं व्हतं की! तुमी निसतं हात लावू नको म्हनलात. का, ते कवा सांगितलंत? मला काय मोजनीचा शिपाई समजलात?"

मी पावसाच्या पाण्याचे पिंप कुंडीजवळ ओढले.

तीन दिवस कुंडीतून पावसाचे पाणी सोडून माती धुतली. पिंप तिने रिकामे केले, कुंडी मी कलती धरली. कळ्या एकेक करून गळल्या. त्या आठवड्यात घरात पुन्हा मासळी शिजली नाही.

दिवाळीनंतर कुंडी उपसली. कंद बोटाने दाबताच चपटा झाला, आतून काळे पाणी आले. मी ढेकूळ उचलून कुंपणाकडे निघालो.

"थांबा," ती ओट्यावरून म्हणाली. "परसातल्या करांद्याच्या वेलाचा जुना कांदाबी असाच जातो. बाजूला बघितलंत?"

मी पाहिले नव्हते. आमरी दरवर्षी जुन्या कंदाशेजारी नवा धरते, हे मी वाचलेले होते. पण हातात काळे पाणी आल्यावर ते आठवले नाही. ती भिंतीला धरून खाली बसली. त्या गुडघ्यांनी तिने कसे जमवले, कळत नाही. ढेकूळ तिने बोटांनी असे सोडवले, जसे लहान मुलाच्या केसांतील गुंता सोडवतात. आत चिंचोक्याएवढा कंद होता. टणक, फिका. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला.

"दाबू नका," ती म्हणाली.

किती खोल लावायचा, तेही तिनेच ठरवले. त्यानंतर दर काही दिवसांनी ती विचारी, "आता पानी?" मी नाही म्हणे, आणि का नाही, ते सांगे. कधी कधी तेच कारण दुसऱ्यांदा सांगावे लागे. सांगत असे.

आषाढात एक पान वर आले. पुढल्या वर्षी दोन. एवढ्याशा कंदाला दांडी धरायला किती वर्षे लागतील, हे मला कुणी खात्रीने सांगू शकले नाही, आणि आमच्या दोघांच्या वयात तो प्रश्न फार ताणण्यात अर्थ नाही.

या भाद्रपदात पाने तीन आहेत. पत्नी सकाळी खुर्ची कुंडीशेजारी ओढून घेते आणि वाकून पानांच्या बेचक्यात पाहते.

"औंदाबी न्हाय," ती म्हणते.

"नाही," मी म्हणतो.

चहा आम्ही तिथेच घेतो. माझीही खुर्ची मी तिकडे नेली आहे.