खाणाऱ्यांपुरते मासे

गळाला मासा लागला नाही म्हणून खूश होणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, रेल्वेतून निवृत्त झालेले काका. दर रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी इगतपुरीच्या वाटेवरच्या एका तळ्यावर जातो. तळं कसलं, पाणवेलींचं शेतच ते. वेलींमध्ये परातीएवढं पाणी उघडं दिसलं, की काका तिथे गळ सोडतात आणि दोरीला बांधलेल्या मोरपिसाच्या देठाकडे बघत बसतात. थंडीत माशांचीही तोंडं आखडतात असा त्यांचा सिद्धांत आहे, म्हणून तेव्हा माकडटोपी घालून ते कणकेच्या गोळ्या बाजरीच्या दाण्याएवढ्या वळतात. उन्हाळ्यात तळ्याचं डबकं झालं की गळ घरीच राहतो. "अडचणीत असलेल्याला काय पकडायचं?" पावसाळ्याच्या तोंडाला एकदा अंड्यांनी फुगलेली चिलापी लागली, तर तिला पाण्यात सोडताना म्हणाले, "सॉरी ताई, चुकून झालं." त्यानंतर पावसाळाभर ते छत्री घेऊन नुसतेच काठावर उभे. तळ्यात बाळंतपणं चालू आहेत म्हणे.

त्यांचा नियम मात्र एकच: खाणाऱ्यांपुरते मासे मिळाले की उठायचं. घरात पाच माणसं होती तेव्हा उठायला संध्याकाळ व्हायची. मुली सासरी गेल्या, तशी दुपारीच उठायची वेळ यायला लागली. मग काकू गेल्या, आणि एकट्यापुरत्या चिलाप्या थर्मासातला चहा संपायच्या आत मिळायला लागल्या. नियम मोडवेना आणि घरी जाववेना, अशा अवस्थेत त्यांना वरच्या मजल्यावरचा एकटा भाडेकरू, म्हणजे मी, सापडलो. "येतोस ना रे जेवायला?" हे ते स्कूटरला किक मारायच्या आधीच विचारतात. त्या बोटभर माशांचे काटे काढताना मी रडकुंडीला येतो, पण भूक सडकून लागलीये असं दर वेळी सांगतो. त्यांचा चेहरा खुलतो. "मग काय, दुपारपर्यंत निवांत."

परवा माझी नागपूरला बदली झाली. रविवारी तळ्यावर बसल्यावर कसंबसं सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात मोरपिसाचा देठ गपकन पाण्यात गेला आणि काठी वाकली. काकांनी हात लावला नाही.

"काका, लागलाय."

"असू दे रे," ते म्हणाले, "पुढच्या रविवारपासून आहेच लवकर घरी जायचं."