सिंकच्या जागेचा दगड

आज बाबांसोबत खोपटला ग्रॅनाइटवाल्याकडे गेलेले. रिटायर झाल्यावर बाबांनी आमच्या डोंबिवलीच्या घरी, गॅलरीत, छोटं लेथ मशीन बसवलंय. मापं तपासायला त्यांना एकदम सपाट दगड हवा होता. कंपनीत असायची तशी सरफेस प्लेट परवडत नाही, म्हणून सिंकसाठी ओट्यातून कापून काढलेले तुकडे बघत होतो.

बाबा दगडावर पोलादी पट्टी उभी धरायचे. डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून मला विचारायचे, "खालून उजेड दिसतो का गं?" दिसला, तर दगड सपाट नाही.

तीन दगड बाद झाले. उन्हात मी जाम वैतागले. चौथ्याला कडेला उजेड दिसत होता, तरी म्हटलं, "नाही बाबा, मस्त आहे."

त्यांनी पट्टीला बोटाने हलकेच ढकललं. ती मध्यावर गरकन फिरली. दगडाला मध्ये उंचवटा होता.

मी मान खाली घातली. बाबा ओरडले नाहीत. दुकानदाराला म्हणाले, "पोरगी दमलीय, जरा पाणी द्या."

पाचवा दगड. मी गुडघ्यांवर बसून नीट बघितलं. "नाही दिसत, बाबा."

"हाच द्या," ते दुकानदाराला म्हणाले. पट्टी ढकलून बघितलीच नाही.

खोटं पकडल्यावर पाच मिनिटांत एवढा विश्वास कोण टाकतं हो?