बजरंग इंगळे यांचा नळ

वाशीमकडची कौशल्या इंगळे नवऱ्याबरोबर पुण्यात आली, तेव्हा कोथरूडला इमारती झपाट्याने उठत होत्या. बजरंग स्लॅबच्या कामावर, ती विटा वाहायला. टेकडीच्या उतारावर त्यांनी पत्र्याची खोली टाकली. पाणी खालच्या रस्त्यावरच्या एकाच नळाचं, तेही पहाटे तासभर. १९९९ साली बजरंग परांचीवरून पडून गेला आणि कौशल्या एकटी राहिली.

२००२च्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायकांनी नळासाठी अर्ज केला. सातवी शिकलेली म्हणून कौशल्याच तो घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेली. कारकुनाने फाईल चाळली.

"घरटी एक नळ आहे की तुमच्याकडे. आता काय हंड्याहंड्याला वेगळा देऊ?"

"साहेब, आमच्या वस्तीत एकबी नळ नाही."

त्याने कागद फिरवून तिच्यापुढे सरकवला. सदतीस नावं. प्रत्येकापुढे 'जोडणी मिळाली' आणि सही, नाहीतर अंगठा. तिचं बोट सातव्या ओळीवर थांबलं. बजरंग किसन इंगळे. पुढे निळ्या शाईचा अंगठा. तारीख मार्च २००१ची.

तिने ओळ पुन्हा वाचली.

"हे माझे मालक," ती हळूच म्हणाली. "याच्या दोन वर्षं आधीच वारले. आन् त्यांना सही येत होती."

कारकुनाने चष्मा काढला. मग फाईल गुपचूप स्वतःकडे ओढली.

ती घरी चालतच गेली. बस समोरून गेली तरी हात करायचं सुचलं नाही. कुणीतरी बसून, शाईत बोट बुडवून, तिच्या मेलेल्या माणसाला पाणी पोचवलं होतं. रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी ती मृत्यूचा दाखला आणि पंधरा बायका घेऊन परत आली. नव्याने बदलून आलेले इंजिनिअर माधव साठे दाखला वाचून उठले आणि त्यांच्याबरोबर टेकडी चढले. वस्तीच्या नावाने टाकलेला पाइप वाटेतल्या एका नव्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशीच संपला होता. पुढे नुसता मुरूम.

"तो सह्या-अंगठ्यांचा कागद माझ्यापुढे आला असता, तर मीही मंजूर केला असता," साठे म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

आठ महिन्यांनी वस्तीत चार सामाईक नळ आले. अंगठा कुणाचा, ते चौकशीत कधीच निघालं नाही. आता दुसऱ्या वस्तीच्या बायका अर्ज घेऊन निघाल्या की कौशल्या सोबत जाते. अर्ज देण्याआधी ती जुनी यादी मागते आणि प्रत्येक नाव कारकुनाला मोठ्याने वाचायला लावते.