सैल वात

नांदगावच्या दवाखान्यातला मलमपट्टी करणारा येसाजी ड्रेसर जखमांवर कधी चिडला नाही. चिडायचा तो माणसांवर. जखम सांगितलेलं ऐकते, माणूस मधेच आपली अक्कल घालतो, असं त्याचं म्हणणं, आणि सायकल भिंतीला टेकवता टेकवताच ते सुरू व्हायचं. महायुद्धाच्या वेळी आसामकडच्या लष्करी इस्पितळात त्याने चार वर्षं फाटलेल्या छात्या धुतल्या होत्या. इथली माणसं त्याला ‘डेसर’ म्हणायची. आधी तो सुधारून सांगायचा, मग कंटाळला आणि त्यालाच ओ द्यायला लागला.

बासष्ट साली त्याच्या नशिबी काशीदची कोकिळा आली. चोवीस वर्षांची कोळीण. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेलेला, त्यात काळजाची एक झडप आकसली. टोपली घेऊन वीस पावलं चालली की धाप. मुंबईच्या डॉक्टरांनी डाव्या कुशीतून, बरगड्यांच्या मधून वाट काढली, काळजात बोट घातलं आणि झडप मोकळी केली. गावाला हे काही केल्या पचेना. बाया नुसत्या तिचं तोंड बघायला यायच्या. धाप गेली, कोकिळा उंबऱ्याबाहेर हिंडू लागली, आणि पंधरा दिवसांत टाके सुजून ताप चढला. दवाखान्याच्या डॉक्टरांनी टाके सोडले तर थेट बरगडीपर्यंत पू.

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली आणि बजावलं, “तोंड मिटू द्यायचं नाही. जखम खालून भरत वर आली पाहिजे. वरून मिटली तर पू आत छातीत उतरेल. दोन आठवड्यांत ताप गेला नाही, तर परत मुंबई. बरगडी कापावी लागेल.”

“मी मेले तरी परत कापून घ्याला जायची न्हाय,” कोकिळा म्हणाली.

येसाजीला तिसऱ्या दिवशी फेरी जमायची. मधले दोन दिवस तिच्या नवऱ्याने, शिवदासने, पट्टी बदलायची असं ठरलं. शिवदास होड्या दुरुस्त करायचा; फळ्यांमधल्या फटी कापसाने ठासून वर राळ चोपडायचा. हात कसबी. येसाजीने त्याला चिमटा आणि जखमेची खोली बघायची बोथट सळई उकळायला शिकवलं, युसोलच्या जंतुनाशक पाण्यात जाळीदार गॉजची पट्टी भिजवायला शिकवलं.

“ही पट्टी तळापर्यंत न्यायची, पन सैल. दिव्यातली वात कशी असते? तेल वर ओढते ना? तशी ही पू ओढनार. शेवट बाहेर ठेवायचा. समजलं?”

“समजलं की, डेसरदादा.”

तिसऱ्या दिवशी येसाजी आला तर शिवदास दारातच हसत उभा. “बघा, एक थेंब बाहेर येत न्हाय!”

कोकिळेच्या अंगावर हात ठेववत नव्हता. ताप एकशे तीन. जखमेच्या वरच्या दोन बोटं खोलीत वीतभर गॉज गच्च ठासलेला, खाली तळ रिकामाच. येसाजीने तो उपसला आणि मागोमाग अर्धी वाटी पू आला.

“गाढवा, थेंब बाहेर यावा म्हनून तर हे सगळं चाललंय! कुनी सांगितलं रे ठासायला?”

“फट हाय, म्हनून ठासली.”

पुढच्या खेपेला निराळंच. जखमेच्या तोंडावर गुलाबी कातडी धरलेली. शिवदासने आनंदाने शेजारी नारळ वाटलेले. येसाजीने सळई घालून ती कातडी मोकळी केली तशी कोकिळा किंचाळली, “मेल्या, भरत आलेलं फाडतोस!”

“वर भरतंय, खाली नासतंय! मुंबईला जायचंय का तुला?” येसाजी ओरडला, आणि शिवदास कुठे दिसेना म्हणून तसाच तणतणत किनाऱ्याकडे निघाला.

शिवदास उलट्या टाकलेल्या होडीपाशी बसला होता. वरून चांगली दिसणारी एक फट तो पटाशीने उकरत होता. येसाजीला राहवलं नाही.

“चांगली फट कशापायी उकरतोस?”

“आत ओल हाय. वरून बुजवली तर फळी आतून कुजंल.”

येसाजी वाळूतच बसला. मग म्हणाला, “अरे, एवढी अक्कल तुला फळीपाशी सुचते, मग बायकोपाशी काय होतं रे तुला?”

शिवदासने पटाशी खाली ठेवली. “फळी वरडत न्हाय, दादा. सळई तळाला लागली की ही माझा दंड धरते आनि वरडते. माझा हात पुढं जातच न्हाय. मग वरच्या वरच कोंबतो.”

लष्करात जवानाला चार जण दाबून धरायचे. इथे धरणारा हाच आणि भरणारा हाच. येसाजी कपाळावर हात मारून परत फिरला आणि कोकिळेसमोर आरसा, चिमटा अन् गॉज ठेवला.

“हा काय तुला बरी करत न्हाय. ह्याला तुझी दया येते. उजवा हात चालतो ना? मग तूच भर.”

कोकिळेने दोघांकडे पाहिलं. “आना हिकडं. दोन बापये, आनि एक भोक भरता येईना.”

पहिल्या दिवशी तळ गाठायला तिला तासभर लागला. नवऱ्याला, डेसरला, मुंबईच्या डॉक्टरांना आणि त्यांच्या बोटाला शिव्या देत देत तिने वात आत सारली. सैल. शिवदास दाराबाहेर कान झाकून उभा. येसाजी आत बसून तिच्या चुका काढत होता, आणि ती “गप रे!” म्हणत होती.

मुदतीला दोन दिवस उरले तरी संध्याकाळची कणकण होतीच. डॉक्टरांनी मुंबईला पत्र लिहायला घेतलं. त्या सकाळी कोकिळेच्या चिमट्याला आत काहीतरी अडकलं. ओढलं, तर काळ्या रेशमाची गाठ, बरगडी बांधलेल्या टाक्याची, आणि तिला चिकटलेली नखाएवढी हाडाची कपची. येसाजी संध्याकाळी आला तेव्हा ताप उतरून अंग गार होतं.

“कुठंय ती? डॉक्टरांना दाखवायला पायजे.”

“टाकली चुलीत. घान ती काय जपून ठेवायची?”

येसाजीने दात खाल्ले. पण आत नासवत होतं ते तेच असावं; तेव्हापासून पू आटत गेला आणि तळ रोज जरा वर येऊ लागला. डॉक्टरांनी अर्धं लिहिलेलं पत्र फाडलं. महिन्याने सळई आत शिरायलाच जागा उरली नाही.

“आता तरी मिटू देशील का?” कोकिळेने विचारलं.

येसाजीने चारही बाजूंनी दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. ती शिव्या देईपर्यंत दाबलं.

“मिटू दे,” तो म्हणाला. “पन टोपली दोन महिने न्हाय उचलायची.”

“बरं,” असं ती इतक्या चटकन म्हणाली, की ही काही ऐकायची नाही हे ओळखून येसाजीचं डोकं तिथेच पुन्हा फिरलं.