पुतळीची कोरडी सुई

गुंद गावच्या रस्त्यावर पुतळी लांबून दिसली तर वाटतं, ही खाली पडलेलं काहीतरी शोधत चालली आहे. काही पडलेलं नसतं. कंबर आता सरळच होत नाही. मी इथल्या शाळेवर बाई म्हणून आले तेव्हाही ती वाकलेलीच होती. तरी मी तिला ताठ चालताना पाहिलं आहे, फार नाही, एक हिवाळा आणि एक उन्हाळा. ती हकीकत एक्क्याण्णव सालची.

त्याच्या दोन वर्षं आधी ती पाल्याचा भारा घेऊन टेकडी उतरत होती. पाय घसरला आणि ती भाऱ्यासकट खाली बसली. हाड मोडलं नाही. “मोडलं असतं तर बरं झालं असतं, बाई,” ती मला म्हणाली होती. “मोडल्यालं लोकांस्नी दिसतं.”

तेव्हापासून कमरेत कळ राहिली. घागर उचलेना, भारा झेपेना. तिची सासू गिरजा हिने पहिल्यांदा शेक दिला. मग तापलेल्या विळ्याचे डाग दिले, कमरेच्या दोन्ही बाजूंना. मग रामनगरला नेऊन इंजेक्शन देवविलं. लाल औषधाचं इंजेक्शन, त्यावर गिरजाचा फार विश्वास. तात्पुरता गुण आला आणि गेला. शेवटी पुतळीची घागर तिच्या मुलीच्या, केशरच्या डोक्यावर आली. केशर सहावी पास झालेली होती, अक्षर सुंदर. तिची शाळा सुटली. नवरा झिलू जंगलखात्याच्या कामावर असायचा; घरातल्या बायकांच्या गोष्टीत त्याने कधी तोंड घातलं नाही.

त्या हिवाळ्यात बेळगावचे डॉक्टर अंगडी रविवारी गुंदच्या शाळेत येऊ लागले. अंगात सुया टोचून कंबरदुखी घालवतात, अशी बातमी होती. बायका तपासताना पडद्यामागे कुणी बाई असावी म्हणून त्यांनी मला बसायला सांगितलं होतं. पुतळी आली, बरोबर गिरजा. परपुरुषापुढे सून एकटी कशी पाठवायची?

पुतळीला पालथं निजवून डॉक्टर कमरेवर बोटं दाबत गेले. डागांवरून बोट फिरलं तेव्हा त्यांनी गिरजाकडे पाहिलं. सुई बाहेर काढली. केसासारखी बारीक. म्हातारी घाबरू नये म्हणून त्यांनी ती तिच्यापुढे धरली.

“बघा आई. ह्यात औषध वगैरे काही नाही. कोरडी सुई आहे.”

“औषिद न्हाई?”

“नाही. कमरेच्या मांसात गाठ धरली आहे. सुई तिथं लागली की मांस एकदा उडतं आणि सैल पडतं.”

“आसं व्हय,” गिरजा म्हणाली आणि पदर सावरून बसली.

सुई आत गेली. पुतळीच्या कमरेचं मांस माशासारखं उसळलेलं मी पाहिलं. ती ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी चटईवर पडलं. उठल्यावर डॉक्टरांनी बजावलं, “काही रविवार यावं लागेल. आणि जड उचलायचं नाही. ओझं घेतलं तर दुखणं परत येईल.” गिरजा चपला शोधत होती.

शिमग्यापर्यंत पुतळी ताठ चालू लागली. एके दिवशी विहिरीवर तिने केशरच्या डोक्यावरची घागर उतरवून आपल्या डोक्यावर घेतली. तिच्या मनात एवढंच होतं: जूनमध्ये केशरला सातवीत बसवायचं. मास्तर तयार होते. मी जुनी पुस्तकं काढून ठेवली.

घागर बघून गिरजा भर विहिरीवर बोलली.

“दोन वर्सं पोरीच्या डोक्यावर घागर ठिवली हिनं. डॉक्टरनं कोरडी सुई टोचली आन् बाई हुबी ऱ्हायली. औषिदाबिगर दुखणं जातंय व्हय? जे हुतंच न्हाई तेच जातंय.”

शेजारची काशी म्हणाली, “गिरजाक्का, डॉक्टरला इचार की, माझ्या सुनंचा आळस निघंल का त्या सुईनं. ती बी औषिद न्हाई घेत.”

बायका हसल्या. केशर हसली नाही. ती रिकामी चुंबळ हातात घेऊन आईकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात पुतळी तिला घेऊन पुस्तकांसाठी माझ्याकडे आली. केशरने पुस्तकांना हात लावला नाही.

“आई, त्या सुईत औषिद हुतं?”

पुतळीला खोटं बोलता आलं असतं. “न्हाई गं. नुसती सुई,” ती म्हणाली.

“मग तुजं काय दुखत हुतं?”

पुतळीने पाठ फिरवली, लुगडं सैल करून कमरेवरचे डाग दाखवले.

“ते आज्जीनं दिल्यालं,” केशर म्हणाली. “त्याच्या आदीचं काय हाय ते दाव.”

आधीचं दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी डॉक्टरांचं म्हणणं केशरला समजावून सांगितलं, गाठ, मांस, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं.

“तुमी शिकल्याल्या हाय, बाई,” ती म्हणाली. “तुमास्नी कुणी बी फसवंल.”

जूनमध्ये ती शाळेत गेली नाही. “माज्या दोन वर्सांचं काय?” एवढंच ती मास्तरांना म्हणाली. तिने डोक्यावर घागरही पुन्हा घेतली नाही. घरातलं ओझं आता पुतळीचं. गिरजाला सांगावं लागत नव्हतं. केशरच घागर, चुंबळ, सगळं आईपुढे आणून ठेवायची.

पावसानंतर डॉक्टर पुन्हा आले. पुतळी आली नाही म्हणून मी बोलवायला गेले. ती दारात भात पाखडत होती, कंबर पुन्हा एका बाजूला गेलेली.

“चल,” मी म्हटलं. “मागच्या वेळी गुण आला होता.”

“गुण आला म्हणून तर हे झालं, बाई. परत आला तर परत तेच म्हनतील. आन् न्हाई आला तर म्हनतील, ह्या टायमाला सोंग वाढवलं हिनं.”

“आणि केशर?”

तिने सूप झटकलं. “तिला आता माजं कुटं दुखतंय ते सांगू नगा. ती माज्यासंगं बोलती तेवढं तरी ऱ्हाऊ द्या.”

पाल्याचा मोठा भारा एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्याने उचलून द्यावा लागतो. पुढच्या उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी मी त्या दोघींना पाहिलं. केशर भारा बांधत होती. पुतळी वाकून उभी होती, एक हात कमरेवर. केशरने मान वर करून त्या हाताकडे पाहिलं. पुतळीने हात काढून चुंबळीवर ठेवला.

“जड हुईल?” केशरने विचारलं.

“न्हाई.”

केशरने आणखी दोन फांद्या खोचल्या, दोरी आवळली आणि भारा उचलून आईच्या डोक्यावर ठेवला.