हुंकार कोण देणार

ओल्या घोंगडीचा वास आला की सांगलीचं ते नाट्यगृह आठवतं. पावसात भिजलेली घोंगडी पांघरून आलेले जतचे एक म्हातारे धनगर एकट्यानं कथा सांगणार होते आणि मी हौशी आयोजक. ‘जराही आवाज नको,’ असं माईकवर मीच दरडावलेलं. चार ओळींतच म्हातारबा थांबले. ‘आवं, हुंकार कोण देनार? भाऊ द्यायचा, त्यो गेला औंदा. हूं म्हनल्याबिगर कथा फुडं जात न्हाई.’ सभागृह चिडीचूप. मग ते स्वतःच ओळ सांगून रिकाम्या बाजूला मान वळवत, वेगळ्या आवाजात ‘हूं’ म्हणू लागले. काय अभिनय, म्हणून मी टाळ्या सुरू केल्या. ‘गड्या, टाळी नगं रं, नुसतं हूं म्हन.’ हूं म्हणायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही, पण मला तेवढंही जमलं नाही. आता त्याचं वाईटही वाटत नाही. नुसतं बधिर वाटतं.